सायकलवाल्यांची हजेरी

ग्रुपवर पोल टाकला तेव्हा ३८ जणांनी "येणार"वर टिक केलं होतं आणि रविवारी पहाटे साडेपाचला परभणीत वसमत रोडवर कृषी विद्यापीठाच्या गेटपाशी आम्ही नऊ जण. त्यातला एक तर मॉर्निंग वॉकवाला निघाला, आमच्या घोळक्यात उभा राहून चहा कुठं मिळेल विचारत होता, म्हणजे खरे आठच. बाकी तीस जणांचे मेसेज नंतर साडेआठपासून यायला लागले, कुणाचा अलार्म वाजला नाही, कुणाच्या घरी पाहुणे, एकानं तर सरळ लिहिलं की मॅडम गोधडीनं सोडलं नाही. हा माणूस मला आवडला, खरं तरी बोलला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सायकल चालवायला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली, ग्रुपमधे माझ्यापेक्षा जुने, भारी, कार्बनच्या सायकलीवाले लोक होते, पण कोजागरीला एकाच्या गच्चीवर दूध पिताना विषय निघाला की दरवर्षी आपण नुसतं "जाऊ जाऊ" करतो, यंदा हिवाळ्यात दर रविवारी नीट राईड काढायची, आणि एसटीतून रिटायर झालेले मामा म्हणले, "हे काम बाईंकडं द्या, त्यांला पोरं मोजायची सवय हाय." सगळे हसले, मी पण हसले. सकाळी उठून बघते तर मला ॲडमिन केलेलं.

हिवाळाच का, तर आमच्याकडं दुसरा सीझनच नाही. एप्रिल-मेमधे सकाळी नऊला डांबर तापायला लागतं, ४२-४३ डिग्रीत कोण बाहेर पडणार, आणि पावसाळ्यात शहराबाहेर गेलं की काळी माती. ज्यानं ही माती बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही, शेतातून ट्रॅक्टर रोडवर आला की टायरीनं ढेकळं आणून टाकतो, त्याच्यावरून सायकल गेली की चाक आणि मडगार्डच्या मधे गारा असा बसतो की चाक फिरायचंच बंद, मग काडी घेऊन उकरत बसा. म्हणून दिवाळी ते महाशिवरात्र, एवढाच आमचा हंगाम. त्यातही डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात येतो, आठ, सात, कधी त्याच्याही खाली, आणि तो आकडा वाचून आमचे लोक आधी खूश होतात, स्टेटस ठेवतात, "जगात जर्मनी, भारतात परभणी" वगैरे, आणि रविवारी झोपतात. जर्मनीत सायकलीला वेगळा ट्रॅक असतो म्हणे, इथं उसाच्या ट्रॉलीमागं जेवढी जागा उरेल तेवढा आपला ट्रॅक.

ट्रॉलीवरून आठवलं. साडेपाचची वेळ मीच ठरवली होती, का तर साडेआठला घरी परत येऊन डबे-बिबे करता येतील. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजत येतात हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि अंधारात राहाटीच्या पुलाकडं सायकल चालवणं वेगळं. तिसरा रविवार असेल, आम्ही चौदा जण, पूर्णा नदी जवळ आली तसं धुकं वाढलं, माझा लाईट धुक्यावर पडून परत माझ्याच डोळ्यात येत होता. पुढं काहीतरी काळं दिसलं, मला वाटलं झाड आहे. झाड रोडच्या मधे कसं असेल असा विचार येईपर्यंत पुढच्या पोरानं करकचून ब्रेक मारला, मागचा त्याच्यावर, त्याच्या मागचा साईडपट्टीवरून खाली. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन रोडवरच उभा होता, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असेल तर तो लोंबणाऱ्या वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली गेलेला, ड्रायव्हर बिचारा पुढं शेकोटी करून बसलेला. तिघांना खरचटलं, एकाच्या हाताला तीन टाके पडले, त्याच्यावर भागलं. ड्रायव्हरच आमच्याकडं पळत आला, पाणी दिलं, म्हणला, "काहून एवढ्या अंधारात येऊलाले तुमी? आमचं पोट हाय म्हणून आमी."

त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी वेळ बदलली, पावणेसातला हजेरी, सातला निघायचं. बोंब झाली. फास्टवाले म्हणले एवढ्या उशिरा निघून काय मजा, डबेवाल्या बायका म्हणल्या आमचं कसं (मी पण त्यातलीच), पण मी अडून बसले. गंमत म्हणजे वेळ उशिराची केल्यावर लोक वाढले. गोधडीवालाही आला.

लाईटचा नियम तरी पण ठेवला. आमच्यातला एक पोरगा बीआरएम करतो, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासात, ३०० वीस तासात, असले प्रकार, त्यानं सांगितलं तिकडं पुढं-मागं लाईट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसंल तर रात्रीचं सोडत नाहीत. आपण काही २०० करत नाही पण धुकं सगळ्यांला सारखंच. जॅकेट प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून ट्रक सजवायच्या दुकानातून लाल-पांढऱ्या रेडियमचा एक रोल आणला आणि गेटपाशी बसून मडगार्डला, हेल्मेटला, कॅरियरला, एका आजोबांच्या तर बुटाच्या टाचेला चिकटवला. टाचेचा सगळ्यात चांगला दिसतो बरं का, पायडल फिरतो तसा खालीवर चमकतो, लांबून कळतं की सायकल आहे.

कपड्यांचं मला स्वतःलाच शिकावं लागलं. पहिल्या राईडला मी आईनं विणलेला स्वेटर, आत कॉटनचा टीशर्ट, वर जर्किन असं सगळं घालून आले, पाच किलोमीटरला घामानं चिंब आणि चहाला थांबलो तेव्हा तोच घाम गार पडून दात वाजायला लागले. थांबल्यावर थंडी वाजते, चालवताना नाही, म्हणून निघताना थोडं कुडकुडलं पाहिजे, घरातून निघतानाच ऊब वाटली की समजायचं कपडे जास्त झाले. हात, कान आणि छाती एवढं झाकलं की बास. छातीसाठी मामांची आयडिया, शर्टाच्या आत पेपरची घडी. मी आधी हसले, पण वारा खरंच आत येत नाही आणि घाम आला की काढून फेकता येतो, फेकता म्हणजे कचऱ्यात. एसटीच्या केबिनमधे ते हिवाळाभर हेच करायचे म्हणे. मफलर मात्र मी बंद केला. एकाच्या मफलरचं टोक वाऱ्यानं मागं गेलेलं, मागच्या चाकाच्या तीन बोटं वर हलत होतं, मी मागून बघत होते आणि ओरडायला तोंडातून आवाज निघंना. कानटोपी घाला, हेल्मेटखाली बसते.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळं पुढचं सगळं बदललं.

डिसेंबरचा तिसरा रविवार, गंगाखेड रोडनं पोखर्णीच्या नृसिंहाला जायचं. जायला-यायला चाळीसेक किलोमीटर, रस्ता सपाट, नवीन लोकांना जमणारा. गेटवर मी हजेरी घेतली, २३. वहीत लिहिलं. निघालो, फास्टवाले पहिल्या दहा मिनिटात दिसेनासे झाले, मधे मोठा घोळका, मागं तीन-चार जण रमतगमत. त्यात बँकेतले काका होते, वय ५८, राईडला दुसऱ्यांदाच आलेले, सायकल मुलाची. पोखर्णी फाट्याला वळलो, देवळात दर्शन झालं, एकानं बर्फी आणलेली ती खाल्ली, कुणीतरी म्हणलं "सगळे आले ना, चला फोटो", फोटो काढला, चहा झाला, परत निघालो. मी मोजलं नाही. शाळेची सहल असती तर देवळात शिरताना, निघताना, गाडीत बसल्यावर आणि गाडी हलल्यावर असं चार वेळा मोजलं असतं, पण ही मोठी माणसं, मोठ्यांना काय मोजायचं.

साडेदहाला घरी मी भाजी टाकत होते, अनोळखी नंबरवरून फोन. "मॅडम, ह्यांचा फोन लागत नाही, तुमची राईड अजून चालू आहे का?"

मला अजून तो फोन आठवला की पोटात कसंतरी होतं. ग्रुपवरचा फोटो उघडला, मोजले, २२.

झालं असं होतं की काकांची सायकल मधेच पंक्चर झाली. मागच्या तिघांना त्यांनीच सांगितलं की व्हा पुढं, मी हवा भरून येतो, संकोची माणूस, आपल्यामुळं कुणाला थांबायला नको. रोडवरच्या एका पंक्चरवाल्याकडं अर्धा तास गेला. मग निघाले आणि फाट्याला न वळता सरळ गेले, कारण फाटा कोणता हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मेसेजमधे मी नुसतं "पोखर्णी" लिहिलेलं. आणि पुढं कुणी दिसंना म्हणल्यावर त्यांना वाटलं आपण लई मागं पडलो, म्हणून ते जोरात मारायला लागले. म्हणजे आम्ही मागं देवळात बर्फी खात होतो आणि हा ५८ वर्षांचा माणूस आम्हाला गाठायला म्हणून आमच्यापासून लांब लांब पळत होता. दैठणा मागं टाकून पार पुढं गेले. फोन थंडीत पहाटेपासून मॅप चालू ठेवून संपलेला. शेवटी एका शेतकऱ्यानं बसवून भाकर खाऊ घातली आणि त्याच्या फोनवरून घरी फोन लावायला सांगितला तर घरचा नंबर पाठ नाही. आपल्यापैकी किती जणांना पाठ आहे? मला माझ्या नवऱ्याचा नव्हता, तेव्हा पाठ केला. मामा आणि मी मोटारसायकलवर गेलो तर काका गंगाखेडच्या बाजूनं येणाऱ्या भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून येताना रस्त्यात भेटले, मेथीच्या जुड्यांवर बसलेले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तेच म्हणले, "सॉरी मॅडम, तुम्हाला गाठताच आलं नाही."

त्या आठवड्यात राईड झाली नाही, मीटिंग झाली. भांडण म्हणा. कार्बनवाले म्हणले ज्याला ताकद नाही त्यानं येऊ नये, आम्ही सायकल चालवायला येतो, रांगायला नाही. डॉक्टर ताई म्हणल्या मग तुम्ही तुमचं वेगळं जा की, ग्रुप कशाला पाहिजे, फोटो काढायला? मामा आषाढीला दिंडीत जातात, त्यांनी मधे पडून सांगितलं की दिंडीत पण जवान पोरं असतात, म्हाताऱ्या असतात, तरी हजार-हजार माणूस चालतं, कारण पुढं पताकावाले, मागं कोण, मधे कोण हे ठरलेलं असतं, कुणी मनाला येईल तसं पळत नाही. मग ठरलं. दोन तुकड्या, जोरवाली आणि रमतवाली, दोन्ही एकाच ठिकाणी नाश्त्याला भेटणार. प्रत्येक तुकडीला एक पुढारी आणि एक शेपूट. शेपटानं कुणाच्याही पुढं जायचं नाही, मागं कुणी थांबलं की शेपूट थांबणार, आणि पंप, ट्यूब, टायर काढायचं लिव्हर त्याच्याकडं. जिथं वळायचं तिथं पुढारी एकाला उभं करणार आणि तो शेपूट दिसेपर्यंत हलणार नाही. हजेरी प्रत्येक थांब्यावर, नाव घेऊन. वहीत घरचा एक नंबर. आणि घरी जायचं असेल तर सांगून जायचं, मधूनच सटकायचं नाही.

शेपूट कोण होणार यावर गप्प बसले सगळे. बँकेतल्या काकांनी हात वर केला.

काकांनी ते काम असं धरलं की विचारू नका. पंक्चर काढायला तर एका दुकानात जाऊन शिकले. आमच्याकडं हिवाळ्यात पंक्चर म्हणजे बाभळीचा काटा, शेतकरी कुंपणाला फांद्या तोडून नेतात, त्यातलं रोडच्या कडेला पडतं, आणि आपण ट्रकला साईड द्यायला कडेलाच जातो. काटा टायरीत मोडतो, टोक आतच राहतं, तुम्ही झकास नवीन ट्यूब टाकता आणि शंभर मीटरवर परत फुस्स. म्हणून आधी टायरीच्या आतून हात फिरवायचा, बोट नाही, बोटात घुसतो, रुमाल फिरवायचा, जिथं अडकला तिथं काटा. आणि ठिगळ लावताना घासून सोल्युशन लावलं की ते सुकू द्यायचं, लोक ओल्यावरच चिकटवतात आणि मग म्हणतात पॅचच खराब होता. हे सगळं काका रोडच्या कडेला मांडी घालून नवीन पोरांना शिकवायचे. त्यातून एक झालं, लोक मागं राहायला लाजेनात.

नाश्त्याचं पण एक शास्त्र आहे. वीस-पंचवीस लोक न सांगता एका टपरीवर धडकले की तिथला माणूस गांगरतो, पोहे संपतात, आपली माणसं चिडतात. मी शनिवारी संध्याकाळी फोन करून सांगायला लागले. किती सांगायचे? पोलच्या निम्मे. चाळीस म्हणले तर वीस प्लेट, आजपर्यंत एकदाच चुकलं, ते पण हुरड्याच्या राईडला, कारण त्या दिवशी जेवढे म्हणले त्याच्या दुप्पट आले, नवऱ्या-बायका, पोरं, एकाची सासू गाडीतून.

हुरड्याची राईड झरीच्या पलीकडं, आमच्यातल्याच एकाच्या शेतात. वावरात सगळी परभणी मोती ज्वारी, पण बांधाच्या कडेनं हुरड्यासाठी सुरतीच्या चार ओळी मुद्दाम पेरलेल्या. गोवऱ्यांचा आर, त्यात कणसं, हातावर चोळून गरम गरम, वर शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. अकरा वाजले तरी कुणी उठंना. ऊन लागायला लागलं आणि पोटात एवढा हुरडा की सायकलवर वाकता येईना. त्या दिवशी सहा सायकली ट्रॅक्टरमधून परभणीत आल्या, त्यातली एक कार्बनची होती एवढंच सांगते.

जानेवारीच्या शेवटी औंढा नागनाथ. राहाटी, झिरो फाटा, हट्टा, जवळा बाजार करत जायचं, जाऊन-येऊन शंभराच्या आसपास, आमच्यातल्या बहुतेकांची पहिली शंभरी. त्याच्या आधी तीन रविवार चाळीस, पन्नास, पासष्ट असं वाढवत नेलं. ज्यांनी पासष्टवाली केली नाही त्यांना घेतलं नाही, दोघं रुसले, अजून बोलत नाहीत. एकाची ओमनी मागं, त्यात पाणी, केळी, चिक्की, जास्तीच्या ट्यूबा. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि दहानंतर पायात गोळे येतात, म्हणून दर थांब्याला मी बाटल्या बघत होते, शाळेत डबे बघते तशा. शिव्या खाल्ल्या. वारा जाताना समोरून होता, सगळ्यांनी मुकाट्यानं एकामागं एक रांग धरली, पुढचा दमला की मागं यायचा, पहिल्यांदाच आमचा ग्रुप ग्रुपसारखा दिसला.

औंढ्याला दर्शनाची रांग होती, त्या तेवढ्याशा भुयारी गाभाऱ्यात वाकून उतरताना पन्नास किलोमीटर चालवलेल्या मांड्यांनी काय आवाज केला असेल ते नागनाथालाच माहीत. बाहेर नंदीकडं बघत काका म्हणले, माहिती आहे ना, नामदेव कीर्तन करत होते, त्यांना म्हणले मागं जाऊन कर, तर देऊळच फिरलं त्यांच्याकडं, म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिला. मी म्हणलं हो, माहितीय. ते म्हणले, "नाही, म्हणजे मागच्यांचं ऐकणारा देव दिसतोय, आपल्या तुकडीचा." आणि पंप उचलून निघाले.

येताना वारा पाठीवर. अडीचला गेटवर पहिले पोचले, सव्वातीनपर्यंत येत राहिले, शेवटी काका आणि त्यांच्यासोबत गोळे आलेली दोन पोरं. वही काढली. निघताना २८. गेटवर २७. तीनदा मोजले, २७च. नावं घेतली तर कार्बनवाला नाही. जोरवाल्यांनी सांगितलं, अरे तो आमच्यासोबतच होता की, खानापूर फाट्यापर्यंत तर होता, गेला असेल घरी, चला मॅडम, भूक लागली.

सगळे आपापल्या सायकलीला टेकलेले, उन्हानं तोंडं रापलेली, घरी जायची घाई. काका खाली बसले, पंप मांडीवर ठेवला. "मी नाही जात. माझ्या वेळी पण 'आला असेल' असंच म्हणले होते."

त्याचा फोन लागला नाही. वहीतल्या घरच्या नंबरवर लावला, बायकोनं उचलला. "अंघोळीला गेलेत हो मॅडम, आल्यापासून गरम पाण्याचं चाललंय." मी म्हणलं त्यांना गेटवर पाठवा. ती म्हणली, आत्ता? मी म्हणलं आत्ताच, हजेरी व्हायची आहे.

वीस मिनिटांनी स्कूटीवर आला. केस ओले, पायात बाथरूमची चप्पल, अंगावर घरातला बनियन आणि वरून शाल. आम्ही सगळे तसेच उभे. मी वही उघडली, नाव घेतलं.

"हजर," तो म्हणला, आणि मग आम्ही घरी गेलो.